सोळा हमाल आणि तीन मेंढपाळ

२८ मे १४८३ रोजी फ्लॉरेन्सच्या सान फ्रेदियानो वेशीपाशी एक अवजड ऐवज येऊन ठेपला. तो उचलायला सोळा हमाल लागले. हमाल होते सांता मारिया नुओवा या इस्पितळाचे. ऐवज निघाला होता ब्रूजहून, म्हणजे आजच्या बेल्जियममधून. जहाजाने समुद्रमार्गे सिसिलीपर्यंत, तिथून पिसाला, आणि पिसाहून आर्नो नदीतून फ्लॉरेन्सच्या वेशीपर्यंत, असा त्याचा प्रवास झाला होता. लाकडी फळ्यांवर रंगवलेले ते चित्र होते. मधली फळी अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. दोन्ही बाजूंची कवाडे उघडली की सगळे मिळून रुंदी जवळजवळ सहा मीटर. हमालांनी गावातून ते इस्पितळापर्यंत वाहून नेले आणि आवारातल्या सांत एजिदियो चर्चमध्ये मुख्य वेदीवर ते उभे राहिले.

ज्याने ते रंगवले तो ह्यूगो व्हान डेर गूस आदल्याच वर्षी वारला होता. ब्रसेल्सजवळच्या अरण्यातल्या एका मठात त्याला पुरले होते. आपले चित्र फ्लॉरेन्सला पोचल्याचे त्याला कधी कळले नाही.

आज हे चित्र ‘पोर्तिनारी ऑल्टरपीस’ म्हणून ओळखले जाते आणि फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. ऑल्टरपीस म्हणजे वेदीच्या मागे उभे केलेले चित्र किंवा कोरीवकाम. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीमागचे सोनेरी लाकूडकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही जागा लगेच कळेल. धर्मगुरू ज्या वेदीवर मिस्सा अर्पण करतो, तिच्यावरून पुढे गेलेली भाविकांची नजर जिथे थांबते ती ही जागा. एरवीच्या भिंतीवरच्या चित्रात आणि या चित्रात हा मोठा फरक आहे. इथे चित्रासमोर रोज काहीतरी घडते. भाकर उचलली जाते, ती ख्रिस्ताचे शरीर झाली असे मानले जाते आणि गुडघे टेकलेली माणसे ती ग्रहण करतात. चित्रकाराला हे पक्के ठाऊक असते. चित्र रंगवताना आपल्यासमोर काय होणार आहे ते तो धरून चालतो. म्हणून संग्रहालयात हे चित्र पाहताना समोरची वेदी मनात उभी करावी लागते. नाहीतर अर्धे चित्र हातून निसटते.

विषय ख्रिस्तजन्माचा. रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूताने वार्ता दिली आणि ते बाळ पाहायला आले, तो प्रसंग. युरोपात तो शेकडो वेळा रंगवला गेला. मरीया, योसेफ, बैल, गाढव, देवदूत, पडका गोठा, ही सगळी मंडळी ठरलेली. ह्यूगोनेही ती घेतली. पण बाळाला त्याने गव्हाणीत ठेवले नाही. बाळ उघड्या जमिनीवर आहे. अंगाखाली वस्त्र नाही, गवताची काडीही नाही. इवलेसे, कृश, उघडे अंग आणि त्याच्याभोवती बारीक सोनेरी किरण.

ही कल्पना त्याच्या पदरची नव्हे. चौदाव्या शतकात स्वीडनची संत ब्रिजिट बेथलेहेमच्या यात्रेला गेली असता तिला झालेला दृष्टान्त युरोपभर माहीत झाला होता. मरीया गुडघे टेकून प्रार्थना करत असतानाच बाळ जमिनीवर प्रकटले, तेजाने वेढलेले, आणि आईने आधी त्याला हात जोडून नमस्कार केला, असा तो दृष्टान्त. अनेक चित्रकारांनी तो वापरला. पण बाळाभोवती इतकी मोकळी जमीन क्वचितच कोणी सोडली असेल. सगळे जण कडे करून आहेत आणि मधली जागा रिकामी आहे. मरीया गडद निळ्या वस्त्रात, डोळे खाली, बोटांची टोके नुसती एकमेकांना टेकलेली. तिचाही हात बाळाला लागलेला नाही. डावीकडे योसेफ जरा दूर, खांबाआड असल्यासारखा. त्याच्यापाशी जमिनीवर एक लाकडी खडाव काढून ठेवलेली. पवित्र भूमीवर पायताण काढायला सांगणारी मोशेची कथा इथे आठवावी अशी अपेक्षा असावी. ही रीत आपल्याला समजावून सांगायची गरजही पडत नाही.

आनंदाचा प्रसंग, आणि चित्रात कोणी हसत नाही. देवदूतही गंभीर आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते. मग लक्षात येते की इथल्या सगळ्यांना पुढचे माहीत आहे. हे बाळ एक दिवस क्रुसावर जाणार, हे आई जाणून आहे, देवदूत जाणून आहेत. वेदीसमोर बसलेल्या भाविकांनाही ते ठाऊक आहे.

फक्त मेंढपाळांना ठाऊक नाही.

चित्राच्या उजव्या बाजूने ते आत शिरतात. मागे डोंगरावर देवदूत त्यांना वार्ता सांगताना दिसतो आणि पुढे ते पोचलेलेही दिसतात. म्हणजे त्यांची धावही चित्रात आहे. एक गुडघ्यावर टेकून हात जोडतो आहे. दुसरा हात पसरून वाकला आहे. तिसरा मागून डोके पुढे काढून बघतो आहे. तोंडे उघडी, दात विरळ, दाढीचे खुंट वाढलेले, हात उन्हापावसाने रापलेले. कोणी त्यांना रीतभात शिकवलेली नाही; जे दिसले त्याने ते थक्क झाले आहेत आणि तो थक्कपणा त्यांच्या चेहऱ्यावर जसाच्या तसा आहे. गरिबांना चित्रात आणायचे तर एकतर विनोदासाठी किंवा दया यावी म्हणून, अशी त्या काळची सर्वसाधारण रीत. ह्यूगोचे मेंढपाळ हास्यास्पद नाहीत आणि केविलवाणेही नाहीत. पाहणे म्हणजे काय, हे चित्रात त्यांच्याइतके कोणालाच जमलेले नाही, असे मला वाटते.

आणि ते मधल्या फळीवर आहेत. ज्याने पैसे मोजले तो मधल्या फळीवर नाही.

पैसे मोजणारा म्हणजे तोम्मासो पोर्तिनारी. मेदिची घराण्याच्या पेढीच्या ब्रूज शाखेचा मुख्य. दात्याने आपल्या कुटुंबासह चित्रात गुडघे टेकून बसायचे, ही प्रथाच होती. डाव्या कवाडावर तोम्मासो आणि त्याचे दोन मुलगे, आंतोनियो आणि पिजेल्लो. उजव्या कवाडावर बायको मारिया बारोंचेल्ली आणि मुलगी मार्गेरिता. मारियाचे तोम्मासोशी लग्न झाले ते १४७० साली, ती जेमतेम किशोरवयात असताना. त्या सुमारास चित्रकार हान्स मेमलिंगने दोघांची जी व्यक्तिचित्रे केली ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, आणि त्यातला मारियाच्या गळ्यातला भारी हार इथेही ओळखता येतो. कुटुंबाच्या मागे त्यांच्या नावांचे संत उभे आहेत: संत थॉमस, संत अँथनी, संत मार्गारेट, मारिया माग्दालेना. धाकट्या पिजेल्लोला मात्र संत मिळालेला नाही. तो १४७४ च्या सुमारास जन्मला. चित्राची आखणी आधी ठरलेली असावी आणि पोराला नंतर जागा करून दिली असावी, असे म्हणतात. कुटुंब वाढत असताना चित्र चालू होते, हे त्या एका पोराच्या उपस्थितीतून कळते.

संत धिप्पाड आहेत, त्यांच्यापुढे पोर्तिनारी कुटुंब लहान मुलांसारखे दिसते. देवदूत तर आणखीच छोटे. मरीया मोठी, मेंढपाळ मोठे. दूरचे लहान आणि जवळचे मोठे हा नियम इथे लागू नाही. इटलीतले चित्रकार त्याच काळात भूमितीने अंतर मोजत होते, आणि ह्यूगोलाही जागेची खोली दाखवता येत होती. मागची टेकडी, घरे, पानगळ झालेली झाडे पाहिली की खात्री पटते. त्याने आकार ठरवले ते वेगळ्या मोजमापाने. त्या मोजमापात मेंढपाळ पेढीवाल्यापेक्षा मोठे भरले.

कवाडांच्या मागच्या देखाव्यात दोन छोटे प्रसंग आहेत. उजव्या बाजूला पूर्वेकडून मागी, म्हणजे बाळाला वंदन करायला निघालेले ज्ञानी पुरुष, येत आहेत. त्यांचा पुढे आलेला स्वार एका खेडुताला वाट विचारतो आहे. डाव्या बाजूला खडकाळ उतारावरून मरीया आणि योसेफ बेथलेहेमकडे निघाले आहेत. दिवस भरलेली मरीया गाढवावरून उतरली आहे, चालते आहे, आणि योसेफ तिला सांभाळून धरतो आहे. उतारावर गाढवाच्या पाठीवर बसवेना म्हणून ती उतरली असणार. तिच्या या उतरण्या-चालण्याचा उल्लेख बायबलात नाही. गरोदर बाई अशा वाटेने कशी चालेल, ते ह्यूगोने मनाने पाहिले. मेंढपाळांकडे पाहणारी नजर तीच आहे.

आता पुन्हा मधल्या जमिनीकडे. अगदी पुढे, पाहणाऱ्याच्या पायाशी, एक गव्हाची पेंढी आडवी ठेवली आहे आणि तिच्या पुढे फुलांची दोन भांडी. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा लावतात. पेंढी आणि बाळ दोन्ही जमिनीवर, आणि समोरच वेदीवर धर्मगुरू भाकर उचलणार: चित्र आणि विधी इथे एकमेकांत मिसळतात. देवदूतांचे कपडेही तेच सांगतात. ते मिस्साच्या वेळी धर्मसेवक घालतात तसे जरीकाम केलेले झगे ल्यालेले आहेत, पण मिस्सा अर्पण करणाऱ्या मुख्य धर्मगुरूचा खास झगा मात्र एकाच्याही अंगावर नाही. ही गोष्ट अभ्यासकांनी दाखवून दिली तेव्हा चित्राचा पट उलगडला. मुख्य धर्मगुरू म्हणजे जमिनीवरचे ते उघडे बाळच. अर्पण करणारेही तेच आणि अर्पण होणारेही तेच.

फुलांत शेंदरी लिली आहे, पांढरे आणि जांभळे आयरिस आहे; शेजारच्या काचेच्या पेल्यात कोलंबाइन आणि तीन लाल कार्नेशन; जमिनीवर विखुरलेली व्हायोलेट. कोलंबाइनची सात फुले म्हणजे मरीयेची सात दुःखे, तीन कार्नेशन म्हणजे क्रुसाचे तीन खिळे, जमिनीलगतची व्हायोलेट म्हणजे नम्रता, आणि पेल्याची काच न तडकता तिच्यातून जाणारा प्रकाश म्हणजे कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म, असे अर्थ लावले जातात. मध्ययुगीन भाविकांना हे संकेत माहीत होते, त्यामुळे ते उगाच लादलेले नाहीत. तरीही मला दुसरी गोष्ट अधिक भिडते. आयरिस ज्यात ठेवले आहे ते भांडे म्हणजे फुलदाणी नव्हे. ती औषधाची बरणी आहे. स्पेनमध्ये बनणाऱ्या, चकाकी दिलेल्या मातीच्या अशा बरण्या औषधविक्यांकडे मलम आणि चूर्णे ठेवायला वापरत. हे चित्र इस्पितळाच्या चर्चसाठी होते. समोर बसणाऱ्यांत रोगी होते, त्यांची शुश्रूषा करणारे होते. ज्या बरणीतून त्यांना रोज औषध मिळे तिच्यात आज फुले आहेत आणि ती देवाच्या बाळापुढे ठेवली आहेत, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डाव्या कवाडावरचा संत अँथनीही रोग्यांच्या ओळखीचा. अंगाची आग करणाऱ्या व्याधीत लोक त्याचा धावा करत.

हे इस्पितळ पोर्तिनारी घराण्याचेच. १२८८ साली फोल्को पोर्तिनारीने ते स्थापले. कवी दान्तेची बेआत्रिचे ती याच फोल्कोची मुलगी, असे परंपरा सांगते. पुढे लेओनार्दो दा विंचीने एका अतिवृद्ध माणसाच्या शवाचे विच्छेदन केले तेही याच इस्पितळात. फ्लॉरेन्सच्या मध्यभागी ते अजून चालू आहे.

पोर्तिनारीने चित्र फ्लँडर्समधल्या, म्हणजे ब्रूजच्याच मुलखातल्या, माणसाकडून का करून घेतले, याचे एक सरळ उत्तर म्हणजे तो तिथे राहत होता. दुसरे उत्तर रंगांत आहे. इटलीतले बहुतेक चित्रकार त्या काळी अंड्याच्या बलकात रंग कालवत. तो पटकन वाळतो, त्यामुळे बारीक रेघांनी छटा भराव्या लागतात. फ्लँडर्सच्या चित्रकारांनी जवसासारख्या तेलात रंग कालवण्याची कला फार पुढे नेली होती. तेल सावकाश वाळते. पातळ, पारदर्शक थरावर थर देता येतात. उजेड थरांतून आत जातो, तळाच्या पांढऱ्या लेपावरून परततो आणि रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. काचेच्या पेल्यातले पाणी, जरीचा धागा, म्हाताऱ्याच्या हातावरची शीर, हे सगळे त्यात साधते. या कलेचा मोठा पुरुष यान व्हान आयक. त्याने १४३२ साली पुरे केलेले भव्य वेदीचित्र गेंटमध्ये आहे, आणि ह्यूगो गेंटचाच चित्रकार.

कागदोपत्री ह्यूगो पहिल्यांदा भेटतो तो ५ मे १४६७ रोजी. त्या दिवशी गेंटच्या चित्रकारांच्या संघात त्याला उस्ताद म्हणून दाखल करून घेतले. संघाची शिस्त कडक असे. उस्ताद झाल्याशिवाय गावात स्वतःच्या नावाने काम घेता येत नसे. पुढच्या वर्षी बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याचे इंग्लंडच्या राजाची बहीण मार्गारेट हिच्याशी लग्न झाले, त्याच्या ब्रूजमधल्या सोहळ्याच्या सजावटीवर तो राबला. मिरवणुकीच्या शोभेची चित्रे, घराण्यांची मानचिन्हे रंगवलेल्या ढाली, अशी बरीच कामे त्याने गेंट शहरासाठीही केली. ही चित्रे सण संपला की उतरवायची. मोठ्या चित्रकाराला असली कामे कमीपणाची वाटत नसत. काही वर्षांतच तो संघाचा प्रमुख झाला. नाव झाले, पैसा आला, मोठी माणसे कामे घेऊन येऊ लागली.

आणि मग, १४७५ नंतर लवकरच, त्याने सगळे सोडले. ब्रसेल्सजवळच्या सोनियन अरण्यात रोडे क्लोस्टर, म्हणजे ‘लाल मठ’, नावाचा ऑगस्टिनियन मठ होता. त्याचा सावत्र भाऊ निकोलास याने तिथेच दीक्षा घेतली होती. हा मठ त्या काळी जोर धरलेल्या एका भक्तिपंथाचा. गाजावाजा नको, मूक प्रार्थना, ग्रंथांच्या नकला आणि नम्रता हेच खरे, असे मानणारा. ह्यूगो तिथे धर्मगुरू म्हणून गेला नाही. तो गेला तो श्रमसेवा करणाऱ्या साध्या बंधूंपैकी एक म्हणून. मठाच्या पायऱ्यांत सर्वात खालच्या पायरीवर.

तिथले त्याचे आयुष्य आपल्याला कळते ते गास्पार ओफहाउस या मठवाशामुळे. दोघे एकाच सुमारास मठात नवशिके होते. पुढे ओफहाउस मठातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा पाहू लागला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याने मठाची बखर लॅटिनमध्ये लिहिली. एवढ्या जुन्या काळातल्या कोणा चित्रकाराच्या मनाविषयी त्याच्या सहवासातल्या माणसाने इतके तपशीलवार लिहिलेले दुसरे काही मला माहीत नाही.

ओफहाउस सांगतो की ह्यूगोला मठात सवलती होत्या. मठप्रमुख थॉमसने त्याला चित्रे काढू दिली. आर्चड्यूक मॅक्सिमिलियनसारखी बडी मंडळी त्याला भेटायला येत आणि पाहुण्यांच्या दालनात तो त्यांच्या पंगतीला बसे, वाइन घेई. साध्या बंधूला हे चालत नसे, आणि मठात कुजबूज झाली. मग १४८१ च्या सुमारास, कलोनहून मठाकडे परतत असताना, एका रात्री त्याचे मन बिघडले. आपला उद्धार होणार नाही, आपण नरकातच जाणार, असे तो पुन्हा पुन्हा ओरडू लागला. स्वतःला इजा करू पाहत होता; बरोबरच्यांनी त्याला आवरले. कसेबसे ब्रसेल्सला आणल्यावर मठप्रमुख धावत आला. त्याने पाहिले आणि त्याला बायबलातला शौल राजा आठवला, ज्याचे अस्वस्थ मन दाविदाच्या वीणेने निवायचे. म्हणून त्याने ह्यूगोपुढे संगीत ठेवले. उपयोग झाला नाही.

पोर्तिनारी चित्रात मागे दिसणारी मोठी इमारत दाविदाचा वाडा मानतात, कारण तिच्या दारावर एक वीणा कोरलेली आहे. ह्यूगोने ती रंगवली तेव्हा हे सगळे पुढेच होते.

मठातल्या बंधूंनी रात्रंदिवस त्याची सेवा केली. ओफहाउस मग वैद्यासारखा कारणे शोधू लागतो. मनाचे रोग कशाने होतात? काही अन्नाने, कडक वाइनने, काळजीने, दुःखाने, फार विचार करण्याने. हातात घेतलेली चित्रे कशी पुरी होणार याची ह्यूगोला भारी चिंता होती, हेही तो नोंदवतो. आणि शेवटी दुसरी शक्यता मांडतो: मोठेपणाने माणूस फुगू नये म्हणून देवानेच त्याला नमवले असेल. या लिखाणात काही अभ्यासकांना असूया ऐकू येते. मला ती फारशी ऐकू येत नाही. माझ्या कानी पडते ते एका शुश्रूषा करणाऱ्याचे कोडे, जे त्याला तीस वर्षांनंतरही सुटलेले नाही.

नंतर ह्यूगो काहीसा सावरला. आणि सावरल्यावर त्याने काय केले? ओफहाउस लिहितो की तो आपणहून पाहुण्यांच्या दालनातून उठला आणि साध्या बंधूंच्या पंगतीत जाऊन जेवू लागला. थोड्याच काळात, १४८२ साली, तो वारला.

एकोणिसाव्या शतकात ही बखर पुन्हा प्रकाशात आली आणि लोकांना ‘वेडा चित्रकार’ सापडला. एमील वाउटर्सने १८७२ साली ‘ह्यूगो व्हान डेर गूसचे वेड’ नावाचे मोठे चित्र काढले: खुर्चीत बसलेला, डोळे फाटलेला ह्यूगो आणि समोर गाणारी मुले. व्हिन्सेंट व्हान गॉगला ते चित्र ठाऊक होते आणि पत्रांत त्याने स्वतःची तुलना त्या चेहऱ्याशी केली. तेव्हापासून ह्यूगोच्या प्रत्येक चित्रात वेडाची चाहूल शोधली जाते. हे मला पटत नाही. पोर्तिनारी चित्र आजारापूर्वीचे आहे, आणि त्यात हात कुठेही सुटलेला नाही. प्रत्येक फूल मोजून, प्रत्येक झगा विचार करून काढलेला. बखरीतून चित्राकडे जायचेच तर वेडाच्या वाटेने जाऊ नये. खालच्या पंगतीत जाऊन बसणाऱ्या माणसाच्या वाटेने जावे. नावलौकिक असताना मठाची सर्वात खालची पायरी निवडणारा हा माणूस मेंढपाळांना पेढीवाल्यापेक्षा बाळाच्या अधिक जवळ बसवतो, यात मला एकच मन दिसते.

फ्लॉरेन्समध्ये चित्र उघडले गेले तेव्हा तिथल्या चित्रकारांनी काय पाहिले ते त्यांच्या कामातून कळते. दोनच वर्षांनी, १४८५ साली, दोमेनिको गिरलांदायोने सांता त्रिनिता चर्चमधल्या सास्सेत्ती कुटुंबाच्या वेदीसाठी मेंढपाळांचेच दर्शन रंगवले. तेही फ्लँडर्सच्या मेंढपाळांसारखे उजवीकडे, गावठी, गुडघे टेकलेले. त्यातला बाळाकडे बोट दाखवणारा मेंढपाळ म्हणजे स्वतः गिरलांदायो, असे मानतात. पण त्याने बाळाखाली आईच्या वस्त्राचा पदर घातला आणि शेजारी रोमन शवपेटी ठेवली. मेंढपाळांचे चेहरे जरा धुऊन घेतले. चित्र सुंदर झाले. उघडी जमीन मात्र त्याला सोसली नाही.

ह्यूगोने पोर्तिनारी चित्रावर सही केलेली नाही. त्याच्या एकाही चित्रावर सही मिळत नाही. सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने सांता मारिया नुओवातल्या या चित्राचा कर्ता ‘अँटवर्पचा ऊगो’ असा नोंदवला. गाव चुकले, नाव बरोबर होते. ब्रूजमधले ‘मरीयेचे देहावसान’, बर्लिनमधले मागींचे दर्शन, एडिंबरामधल्या त्रैक्याच्या फळ्या, ही सगळी चित्रे ह्यूगोची ठरली ती या एका चित्राशी ताडून.

चित्र फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत पोर्तिनारीचे दिवस पालटले होते. त्याने ड्यूक चार्ल्सला पेढीच्या ताकदीबाहेर कर्जे दिली होती. त्यातच १४७३ साली त्याच्या कारभारातले एक जहाज डांझिगच्या पाउल बेनेके याने लुटले. त्या जहाजावर मेमलिंगचे ‘अंतिम न्याय’ हे वेदीचित्र होते, फ्लॉरेन्सकडे निघालेले. ते पोचले डांझिगला, आणि आजही तिथे, आताच्या ग्दान्स्कमध्ये आहे. त्यात देवदूताच्या तराजूत बसलेल्या पुण्यवानाला पोर्तिनारीचा चेहरा दिलेला आहे. जानेवारी १४७७ मध्ये चार्ल्स नान्सीच्या लढाईत मारला गेला आणि कर्जे बुडाली. लोरेन्झो दे मेदिचीने भागीदारी मोडली, ब्रूजची शाखा बंद झाली. मेदिचींच्या साऱ्या पेढ्यांचा मुख्य कारभारी त्या वेळी फ्रान्चेस्को सास्सेत्ती होता. गिरलांदायोकडून मेंढपाळ रंगवून घेतले ते त्यानेच.

तोम्मासो पोर्तिनारी १५०१ साली वारला. त्याचा अंत सांता मारिया नुओवा इस्पितळातच झाला. त्याच आवारात, सांत एजिदियोच्या वेदीवर, डाव्या कवाडात तो गुडघे टेकून होता, आणि मधल्या जमिनीपलीकडे तीन मेंढपाळ तोंडे उघडी ठेवून बाळाकडे पाहत होते.